जड सोंडेचा फोनो

शिरूरला जुनी माणसं तेव्हा घोडनदीच म्हणायची. तिथल्या पेठेत साखरबाईच्या दारात यायचं तर माणसं आधी पदर सावरायची, टोपी नीट करायची आणि मग हाक मारायची. नाव साखरेचं, पण जिभेपुढं लवंगी मिरची गरीब. मालक गेले तेव्हा हौसरावला मिसरूडही फुटलं नव्हतं. तेव्हापासून शेत, गोठा आणि पोरगा तिनं एकटीनं हाकले. म्हणून घरात शेवटचा शब्द तिचा. बहुतेक वेळा पहिलाही तिचाच.

सून सिंधू यवतची. लग्नात तिच्या पेटीत लुगड्यांच्या घडीत जपून ठेवलेली एक काळी तबकडी आली. "पोरीच्या बापाचा आवाज हाय हिच्यात," असं तिच्या चुलत्यानं भर मांडवात सांगितलं. बाप, सावळाराम, लग्नाआधीच वारला होता. साखरबाईनं व्याह्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. पण तबकडी पोवाड्याची आहे एवढं कानावर पडलं आणि तिनं पुढचं स्वतःच जोडून टाकलं. पोवाडा म्हणजे शाहीर, तर मग व्याही शाहीर! नदीवर धुणं धुताना, बाजारात भाजी निवडताना, हळदीकुंकवाला, सगळीकडं एकच.

"आमचा व्याही शाहीर व्हता. त्याचं गाणं तबकडीत भरून ठिवलंय. तुमच्यातल्या कुणाच्या व्याह्याचा आवाज उंबऱ्याबाहेर तरी गेलाय का?"

कुणाचाच गेलेला नसायचा.

तबकडीच्या मधल्या कागदावर काय छापलंय ते वाचायची सोय नव्हती. सिंधूची आई दर दसऱ्याला खुरप्या-विळ्यांबरोबर तबकडीचीही पूजा करायची, त्यामुळं कागदावर हळदकुंकवाची पुटं चढली होती. साखरबाईला तसंही वाचता येत नव्हतं आणि देवाचं कुंकू खरवडायची हौसरावची छाती नव्हती.

घरात रेडिओ होता, पण तबकडी वाजवायचं काही नव्हतं. दुपारी भांडी घासून झाली की सिंधू पेटी उघडायची, तबकडी मांडीवर घेऊन मऊ धडप्यानं पुसायची आणि परत ठेवून द्यायची. साखरबाईनं एकदा दाराआडून बघितलं. पोरगी तबकडीला कान लावून बसली होती. तबकडी मुकी, आणि ही आपली ऐकतेय.

साखरबाई पाय न वाजवता मागं फिरली. संध्याकाळी हौसराव जेवायला बसला तेव्हा म्हणाली, "काय रं, रेडिवाला तबकडी वाजवायचं काय जोडता येतं म्हणं."

"येतं की. फोनो जोडता येतो. दौंडला सुभानभाईकडं हायती. पण आई, तूच म्हणाली व्हतीस, घरात बडबडणारा एक डबा पुरे."

"तवा म्हणलं आसंल. मला माझ्या व्याह्याचं गाणं ऐकायचंय. लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखाया लागलं."

सुनेसाठी म्हणाली असती तर काही जीभ झडली नसती. पण साखरबाईची माया अशीच. तूप वाढायचं ते भाताच्या खाली, वर दिसू द्यायचं नाही. चुलीपुढं सिंधूच्या हातची भाकरी तव्यावर जरा जास्तच फुगली, तेवढं मात्र तिनं बघितलं.

न्हावऱ्यावरून एसटीनं तिघं दौंडला निघाली. सिंधूनं तबकडी वाकळेत गुंडाळून मांडीवर घेतली होती. गाडी खड्ड्यात आदळली की ती तबकडीवर वाकायची आणि साखरबाई ड्रायव्हरवर खेकसायची. "आरं बाबा, माणसं बसलीत का शेणी भरल्यात?"

सुभानचं दुकान स्टेशनच्या बाजूला. रेल्वेतल्या साहेब लोकांचे रेडिओ त्याच्याच हाताखालून जायचे. साखरबाईच्या रेडिओचा वाल, म्हणजे आतला काचेचा दिवा, गेला की तोही इथंच यायचा. "या मावशी," म्हणत त्यानं बाकडं पुसलं, चहा सांगितला आणि तीन फोनो पुढं मांडले.

पहिला चावीचा. साखरबाईनं त्याला हातही लावला नाही. "आधी ह्याला पिळा, मग ह्यो गाणार. आसली माणसं घरात हायती मला."

हौसरावनं मान खाली घातली.

दुसरा एका गार्डसाहेबाचा. साहेब देश सोडून गेला, सामान विकून गेला. लोखंडाची जाडजूड चकती, तिच्यावर हिरवं मखमली कापड. सुई धरणारा दांडा हत्तीच्या सोंडेसारखा. सुभान त्याला सोंडच म्हणायचा. तिसरा नवा, दुधाळ रंगाचा. त्याची चकती पत्र्याची आणि दांडा बगळ्याच्या मानेसारखा बारीक.

"रेडिवाच्या पाठीला दोन भोकं असत्यात ना मावशी, त्यात ह्याच्या पिना घालायच्या. आवाज रेडिवातनं येतो. दोन्ही ऐका आन् मग ठरवा."

त्यानं आधी नव्या फोनोवर तबकडी लावली. डफ वाजला, तुणतुणं वाजलं, शाहिरानं आवाज टाकला. साखरबाईला तो जरा पातळ वाटला. मागं कुणीतरी उंच, बारीक सुरात "जी जी रं जी" करत होतं, ते मात्र उगाच पुढं पुढं आल्यासारखं. सिंधू बाकड्यावरून उठली आणि दोन पावलं रेडिओकडं गेली. मग कुणी बघतंय का ते बघून परत बसली.

मग सोंडेचा फोनो लावला. शाहीर असा गरजला की फळीवरचे चहाचे पेले थरथरले. डफ तर छातीत वाजला. रस्त्यानं जाणारा एक हमाल थांबून दारात उभा राहिला.

"हे खरं!" साखरबाईनं मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हणावं माझा व्याही."

"मावशी, ह्याची चकती एक नंबर," सुभान म्हणाला. "पण सोंड जड हाय. तबकडी लाखेची असती..."

"जड हाय तेच बरं. मी जातं घ्यायला गेले तवा काय बघितलं? वरची पाळ उचलून बघितली. हलकी पाळ भरडं दळती. जड पाळीचं पीठ कसं, मऊसूत." तिनं चकतीला बोटानं ढकललं. चकती बराच वेळ गुमान फिरत राहिली. मग तिनं पत्र्याच्या चकतीला ढकललं, ती खडखडली आणि थांबली. "बघितलंस? ह्या पत्र्यावर काय गाणं दळायचं?"

"आत्याबाई," सिंधू हळूच म्हणाली, "त्यो दुसराबी..."

"तुला काय कळतंय त्यातलं? कालच्याला चुलीवरची आमटी खारट झाली ती कळली न्हाई, आन् निघाली फोनो पारखाया."

सुभाननं भुवई उडवली, पण गिऱ्हाइकाच्या घरात कोण पडतं? सिंधूनं पदर डोक्यावर पुढं ओढला. "तुमी म्हणाल त्यो," ती म्हणाली.

जड सोंडेचा फोनो घोडनदीला आला.

पहिल्या दिवशी पेठेतल्या सगळ्या बाया जमल्या. शेजारची विठाबाई तर पाट घेऊनच आली, चांगली जागा जाईल म्हणून. हौसरावनं सुई टेकवली, शाहीर गरजला, आणि साखरबाई भिंतीला टेकून अशी बसली जशी काही पोवाडा तिच्यावरच रचलाय. बाजू संपली की चहा, चहा संपला की पुन्हा तीच बाजू. तबकडी उलटून दुसरी बाजू लावायची कुणाला आठवणही यायची नाही. रोज कुणी ना कुणी यायचं. "साखरबाई, तुझा व्याही ऐकव की!" असं म्हटलं की साखरबाई विरघळायची.

एक गोष्ट मात्र तिला टोचायला लागली. तबकडी लागली की सिंधू उठायची. "दूध उतू जातंय," म्हणायची आणि चुलीकडं जायची. दूध कधी उतू गेलेलं दिसायचं नाही. बापाचा आवाज घरात घुमतोय, आणि ही पोरगी राख फुंकत बसतेय. ज्या पोरीनं मुक्या तबकडीला कान लावला, तिला बोलकी तबकडी नकोशी झाली? साखरबाईला आतून राग आला. रागाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, पण तिथवर उतरायची तिला सवय नव्हती.

एका दुपारी घरात दोघीच होत्या. साखरबाईनं स्वतःच तबकडी लावली. सोंड उचलता उचलता मनगट भरून आलं. शाहीर गायला लागला. आता मध्ये मध्ये खरखरत होता, पण गरजत होता. सिंधू उठलीच. "दूध..."

"दूध गेलं खड्ड्यात. हिकडं ये आन् हे बघ."

साखरबाईनं सोंड उचलून तबकडी थांबवली होती. सुईच्या टोकाला बारीक काळी भुकटी चिकटली होती आणि रेघांमध्येही धूळ पडावी तशी पसरली होती. साखरबाईनं ती बोटावर घेतली, अंगठ्यानं चोळून बघितली. मऊ होती, गव्हाच्या पिठापेक्षाही मऊ.

"बघितलंस? कसं बारीक दळतंय! मी म्हणलं नव्हतं, जड पाळीचं पीठ..."

सिंधूनं तिचं बोट धरलं. सासूचं बोट सुनेनं असं धरायची त्या घरात रीत नव्हती.

"आत्याबाई, पुसू नका," ती म्हणाली. "ते आप्पांचं पीठ हाय."

साखरबाईनं बोटावरच्या भुकटीकडं बघितलं.

"जातं गहू दळतं. हे काय दळतंय, सांगा की. गाण्याच्या रेघा दळतंय. सुभानभाई तेच सांगत व्हते." सिंधूनं बोट अजून सोडलं नव्हतं. "शाहिराचा आवाज जाड हाय, त्यो अजून येतोय. आप्पांचा बारीक व्हता. त्यो पहिल्यांदा गेला."

"मंजी? शाहीर त्यो तुझा बाप न्हाई?"

"न्हाई. आप्पा मागं असायचे. झीलकरी. शाहिराची ओळ संपली की 'जी जी रं जी' करायचं. तेवढेच आमचे आप्पा. त्या नव्या फोनोवर लई दिसांनी ऐकू आले. ह्या सोंडेखाली आधी पुसट आले, आन् आता कायबी न्हाई. म्हणून मी उठून जाते. ओळ संपती आन् मागं नुसती खरखर येती, मला न्हाई बसवत."

साखरबाई खाली बसली. बोट तसंच पुढं धरलेलं.

"आगं, मग बोलली का न्हाईस? एवढे दिस?"

"काय बोलू? तुमी समद्या पेठेला सांगितलं व्हतं, व्याही शाहीर हाय म्हणून. मी न्हाई म्हणलं असतं तर बाया तुमाला हसल्या असत्या." सिंधूनं पदरानं नाक पुसलं. "आन् दुकानात तोंड उघडलं, तर आमटी खारट निघाली."

साखरबाईला आयुष्यात पुष्कळ जणांनी उलटून उत्तरं दिली होती. भाऊबंदांनी, तलाठ्यानं, बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यानं. त्या सगळ्यांना ती पुरून उरली होती. पण ह्या पोरीनं उत्तर दिलं नव्हतं. सासूचं हसं होऊ नये म्हणून तिनं बापाचा आवाज दळला जाऊ दिला होता. असल्या माणसाशी भांडायचं कसं, ते साखरबाईला कुणी शिकवलं नव्हतं.

तिनं बोटावरची भुकटी झटकली नाही. उठली, देवळीतली कुंकवाची रिकामी डबी घेतली आणि ती चिमूट तिच्यात झाडली. मग दारात जाऊन ओरडली, "हौश्या! उद्याच्याला दौंड! गाडीची येळ बघून ये!"

दुसऱ्या दिवशी सुभानच्या दुकानात तिनं फोनो हौसरावच्या डोक्यावरून उतरवून घेतला.

"काय मावशी, बिघडला?"

"फोनो धडधाकट हाय. बिघडली व्हती ती मी." हौसराव चमकून आईकडं बघायला लागला. असलं वाक्य त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. "बघतोस काय माझ्याकडं? बाकडं धर. सुभान, आज मी बोलणार न्हाई. आज सून बोलंल. सिंधू, बोल."

सिंधूनं सासूकडं बघितलं, सुभानकडं बघितलं, मग दोन्ही फोनोंकडं. साखरबाईचे ओठ दोनदा उघडले, दोनदा मिटले. तेवढं गप बसायला तिला नांगराला जुंपल्यासारखे कष्ट पडले.

सिंधूनं दोन्ही चकत्या बोटानं ढकलून बघितल्या, अगदी सासूनं बघितल्या तशाच.

"सुभानभाई, ह्या पत्र्याच्या चकतीवर आवाज हलतो," ती म्हणाली. "त्या दिशी 'जी'वर थरकला. आप्पा थरकत नव्हते. आत्याबाईंची चकती चांगली हाय. तिच्यावर ह्यो बगळा बसवता येईल का?"

सुभाननं डोकं खाजवलं. "सोंड काढायची आन् हा लावायचा? नवी भोकं पाडावी लागतील. वजन तोलावं लागंल. वहिनी, असं कुणी करत न्हाई."

"कुणी करत न्हाई म्हंजी तुला येत न्हाई का?" साखरबाईचा निश्चय तिथं मोडला. "साहेब लोकांचं समदं जमतं, आन् मावशी आली की भोकं पाडावी लागत्यात!"

सुभान हसला. "चकती मावशीची, हात वहिनींचा. करतो. पण चहा आता तुमी सांगायचा."

चहा झाला, दुसराही झाला. सुभान भोकं पाडत होता, स्क्रू आवळत होता, दांड्याच्या शेपटीला शिशाचा तुकडा बांधून तोल बघत होता. स्टेशनात गाडी आली आणि गेली. शेवटी तो उठला, हात पुसले आणि तबकडी मागितली. सिंधूनं वाकळ सोडली. तबकडीची एक बाजू उजेडात करडी दिसत होती, चरून गेलेल्या कुरणासारखी. तिनं ती उलटली. दुसरी बाजू काळीभोर, चकचकीत, तुपाचा हात फिरवावा तशी.

"ही कवा लावलीच न्हाई आपण," हौसराव म्हणाला.

"चहा मधी यायचा," साखरबाई पुटपुटली.

सुभान सुई टेकवायला गेला, तर साखरबाईनं त्याला थांबवलं. "हात वहिनीचा म्हणालास ना? मग तिला टेकवू दे."

सिंधूनं सुई टेकवली. आणि ह्या बाजूला शाहिरानं तोंड उघडायच्या आधीच, एकट्या तुणतुण्यावर, एक उंच बारीक आवाज निघाला. "जी जी रं जी... हो जी रं जी..." सरळ, न थरकता, घोडनदीच्या पलीकडच्या तीरावरून कुणी हाक मारावी तसा. शाहीर मागून आला. दमला की तो आवाज त्याची ओळ हातात घ्यायचा, वर धरायचा, शाहिराचा श्वास भरला की परत द्यायचा.

सिंधू रेडिओच्या तोंडावरच्या फडक्यावर हात ठेवून उभी होती. रडत नव्हती. साखरबाईच बाहेर बघत होती आणि म्हणत होती, "काय धूर सोडत्यात ही इंजिनं. डोळ्यात जातोय."

फोनो परत आल्याचं पेठेत कळायला उशीर लागला नाही. विठाबाई पाट घेऊन आली. मागोमाग बाकीच्या.

"लाव की गं साखरबाई. तुझा शाहीर."

साखरबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर खोचला.

"शाहीर न्हाई, विठे."

"आता गं? तूच तर..."

"मी तर काय? मी चुकले. कान काढून ठिवले व्हते मी, आन् तोंडच तेवढं बरूबर घेतलं व्हतं." बायांत कुजबुज झाली. विठाबाईला हसावं का नाही ते कळेना. साखरबाईनं तिच्याकडं असं बघितलं की तो प्रश्न मिटला. "माझा व्याही झीलकरी व्हता. पुढं उभं राहून वरडणारं कुठंबी मिळंल. मागं उभं राहून दुसऱ्याची ओळ पडू न देणारं माणूस दाखव मला एक तुझ्या घरात. हाय का? न्हाई ना? मग गप ऐक. सिंधू, लाव पोरी. उलटी बाजू."

सिंधूनं सुई टेकवली आणि जाऊ लागली, सवयीनं. साखरबाईनं पदर धरून तिला शेजारी बसवलं.

आवाज निघाला. दुसऱ्या "जी जी"ला साखरबाईच्या तोंडून, तिच्याही नकळत, एक घोगरी "जी" निघाली. सिंधू खुदकन हसली. साखरबाईनं तिच्या गुडघ्यावर चापट मारली आणि हात तिथंच ठेवला.

तेवढ्यात आतून चर्र आवाज आला आणि करपल्याचा वास. दूध खरंच उतू जात होतं. सिंधू अर्धी उठली.

गुडघ्यावरचा हात जड झाला.

"जाऊ दे," साखरबाई म्हणाली. "बस तू."